कॅनव्हास किती घ्यायचा, ग्रिड कोणती लावायची: पिक्सेल आर्ट नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पिक्सेल आर्ट म्हणजे एकेक चौकोनी ठिपका (पिक्सेल) ठेवून काढलेलं चित्र. त्याचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ते रंग विचारत नाही, ब्रश विचारत नाही, आधी विचारतं विड्थ किती आणि हाइट किती, आणि निम्मी मंडळी इथंच गडबडतात. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला डीटीपीत हात बसलेली पोरं बरीच आहेत, ती सवयीने ए४ साइझ ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) टाकतात, म्हणजे झाले २४८०×३५०८ पिक्सेल, मग त्यात एकेक ठिपका भरत बसतात आणि दोन दिवसांनी म्हणतात, भो, हे आपलं काम नाही. काम त्यांचंच असतं, कॅनव्हास शंभरपट मोठा असतो.

माझं म्हणणं सोपं आहे. कॅनव्हासचा आकडा मनाने टाकायचा नाही, तो काढायचा. चित्र कुठं दिसणार आणि त्यात सगळ्यात लहान कोणती गोष्ट ओळखू आली पाहिजे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की आकडा आपोआप निघतो, आणि आकडा निघाला की ग्रिडही ठरते. उलट्या बाजूनं गेलात तर मधेच सगळं पुसावं लागतं.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. पैसे घालायचे नसतील तर पिक्सेलोरामा घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गोडो या गेम बनवायच्या इंजिनमधे बनवलेलं आहे आणि चौकोनी सोडून इतर ग्रिडही त्यात मिळतात. इन्स्टॉल काहीच नको असेल तर ब्राउझरमधे पिस्केल, उघडल्या उघडल्या ३२×३२ चा कॅनव्हास समोर हजर. असेप्राइट विकतचं आहे पण रोज काम करणार असाल तर वसूल होतं, आणि त्याच्याच जुन्या मोकळ्या कोडमधून निघालेलं लिब्रेस्प्राइट फुकट आहे. फक्त मोबाइल असेल तर पिक्सेल स्टुडिओ. खाली मेनूची नावं मी असेप्राइटची देतोय कारण बाकीच्यांमधे थोड्याफार फरकाने तेच सापडतं.

पायरी १: चित्र शेवटी कुठं दिसणार ते ठरवा

पिक्सेल आर्ट लहान काढायचं आणि शेवटी मोठं करायचं असतं, आणि मोठं करताना पूर्ण पटीतच करायचं, म्हणजे २ पट, ३ पट, ८ पट. दीड पट किंवा अडीच पट केलं की काही पिक्सेल एकाचे दोन होतात आणि काही एकाचा एकच राहतो, मग सरळ रेघ कुठं जाड कुठं बारीक दिसते, डोळे एक मोठा एक लहान होतो. म्हणून शेवटचा आकडा आधी बघायचा आणि त्याला भाग जाईल असा कॅनव्हास निवडायचा.

इन्स्टाग्रामच्या चौकोनी पोस्टला १०८० पिक्सेल रुंदी धरा. १०८० ला ६४ ने भाग जात नाही, १६.८७५ येतं, आणि लोक मात्र ६४ चा कॅनव्हास घेऊन त्याला ओढून ताणून १०८० ला बसवतात. त्यापेक्षा ५४, ६०, ७२, ९०, १०८ यातलं काही घ्या, सगळ्यांना पूर्ण भाग जातो. ६४ चीच हौस असेल तर १६ पट करून १०२४ ला सोडा, चालतं. प्ले स्टोअरचा आयकॉन ५१२×५१२ मागतात, तिथं ३२ च्या १६ पट किंवा ६४ च्या ८ पट बरोब्बर बसतं.

गेम करायचा असेल तर ३२०×१८० हा आकडा पाठ करून ठेवा. त्याच्या ४ पट १२८०×७२०, ६ पट १९२०×१०८०, १२ पट ३८४०×२१६०, सगळे स्क्रीन त्यात आले. जास्त जागा पाहिजे असेल तर ४८०×२७० (४ पट १९२०×१०८०) किंवा ६४०×३६० (३ पट). आता आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपची स्क्रीन १३६६×७६८ असते, तो आकडा कशालाच नीट भागत नाही, तिथं ३२०×१८० ला ४ पट करून भोवती काळी पट्टी सोडायची, ताणायचं नाही. उभ्या मोबाइल गेमसाठी १८०×४०० भारी पडतं, ४ पट ७२०×१६००, ६ पट १०८०×२४००, बहुतेक स्वस्त-महाग अँड्रॉइड यात बसून जातात.

जुने आकडे बघून अंदाज घ्यायचा असेल तर गेम बॉय या हातात धरून खेळायच्या जुन्या गेम-यंत्राची स्क्रीन १६०×१४४ होती, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची २४०×१६०, आणि आजचा पिको-८ हा काल्पनिक (फक्त सॉफ्टवेअरमधे असलेला) गेम कन्सोल १२८×१२८ मधे १६ रंगांत सगळं करतो. एवढ्याशा जागेत आख्खे गेम झालेत, तर तुम्हाला पहिल्या चित्राला १२८ च्या वर जायचं कारण नाही.

पायरी २: सगळ्यात लहान महत्त्वाची गोष्ट शोधा

समजा भुसावळ स्टेशनचं दृश्य काढायचंय. प्लॅटफॉर्म, गाडी, माणसं, केळीवाला. लोक आधी गाडी काढायला घेतात कारण ती मोठी आणि सोपी, आणि मग माणूस तिच्या दाराएवढा होऊन बसतो किंवा दारातून आत जाईना होतो. उलटं करा. माणसापासून सुरू करा.

माणूस १६ पिक्सेल उंच धरला आणि खऱ्यात तो १.७ मीटर, तर एका मीटरला साधारण ९ ते साडेनऊ पिक्सेल पडले. एलएचबी डबा (रेल्वेचा नव्या पद्धतीचा) सुमारे साडेतेवीस मीटर लांब आणि चार मीटरच्या आसपास उंच असतो, म्हणजे डबा झाला साधारण २२०×३८. ३२० रुंदीच्या स्क्रीनवर दीड डबा दिसेल. हे तुम्हाला चालणार असेल तर चाललं. गाडी जास्त दिसायला पाहिजे असेल तर माणूस ८ पिक्सेलचा करा, डबा ११० च्या आसपास येईल आणि जवळजवळ तीन डबे स्क्रीनवर मावतील, पण ८ पिक्सेलच्या माणसाला चेहरा नसतो, डोक्याचे दोन-तीन पिक्सेल आणि टोपी एवढंच. आणि माणूस ३२ चा केला तर चेहऱ्यावर भाव दाखवता येतात पण डबा ४४० चा होतो, स्क्रीनमधे एक पण पूर्ण मावत नाही. बघा, कॅनव्हासचा प्रश्न खरं तर गोष्ट गाडीची आहे की माणसाची आहे हा होता. (चोवीस डब्यांची गाडी आख्खी काढायला बसू नका हां, एक डबा काढायचा आणि कॉपी करायचा, फक्त मधे एक पँट्री आणि टोकाला एक गार्डचा डबा वेगळा.)

वस्तूंचंही तसंच. जळगावचं भरताचं वांगं घ्या, ज्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते. ८×८ मधे काढलं तर हिरवा गोळा आणि वर देठ, पेरू म्हणून सुद्धा खपेल. १६×१६ मधे मात्र त्याची ओळख येते, कारण ती ओळख फिकट हिरव्या रंगात आणि खालच्या अंगाला असलेल्या पांढऱ्या रेघांमधे आहे, आणि त्या रेघांना जागा लागते. असं करून बघा: वर देठाच्या दोन ओळी, दोन-दोन पिक्सेल रुंद. त्याखाली टोपणाच्या दोन ओळी, ६ आणि ८ पिक्सेल, गडद हिरव्या. मग अंगाच्या अकरा ओळी, रुंदी ८, १०, १०, १२, १२, १२, १२, १२, १०, ८, ४. झाल्या पंधरा ओळी, एक ओळ खाली मोकळी. आता अंगाच्या डाव्या बाजूला उजेडाचा फिकट पट्टा दोन पिक्सेलचा, आणि खालच्या पाच ओळींत तीन उभ्या तुटक पांढुरक्या रेघा, सरळ रेषेत नको, एखादा पिक्सेल वर खाली. चार-पाच रंगात काम झालं. यात ३२×३२ ला गेलात तर टोपणाचे काटे दाखवता येतील, चकाकी जास्त गुळगुळीत होईल, पण ओळख तीच राहते आणि काम चौपट वाढतं.

चौपट म्हटलं ते खरंच चौपट आहे, १६×१६ म्हणजे २५६ चौकोन, ३२×३२ म्हणजे १०२४, ६४×६४ म्हणजे ४०९६ आणि १२८×१२८ म्हणजे १६३८४. अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर याला फ्रेमच्या संख्येने गुणा आणि मग ठरवा.

पायरी ३: आकडा पक्का करा

नवख्याने पहिले सगळे प्रयोग १६×१६ आणि ३२×३२ मधेच करावेत असं माझं ठाम मत आहे. सुसान केअर यांनी १९८४ च्या मॅकिन्टॉशसाठी जे आयकॉन काढले ते ३२×३२ मधेच होते आणि तेही फक्त काळ्या-पांढऱ्यात. १६ मधे तुम्ही प्रत्येक पिक्सेलचा विचार करायला शिकता, ३२ मधे सावली आणि आकार शिकता. ६४ च्या पुढं गेलं की नवा माणूस पिक्सेल ठेवायच्या ऐवजी ब्रश फिरवायला लागतो, आणि मग ते कमी रिझोल्यूशनचं साधं चित्र होतं.

दोन बारीक गोष्टी इथंच बघून घ्या कारण नंतर त्रास देतात.

पहिली सम-विषमची. १६ रुंदीच्या कॅनव्हासला मधला पिक्सेल नसतो, मधे दोन पिक्सेल असतात. समोरून चेहरा काढायचा आणि नाक एका पिक्सेलचं पाहिजे तर आकृती १५ रुंदीची काढा आणि एक रकाना मोकळा सोडा, कॅनव्हास १६ चाच राहू द्या. आरसा मोड लावून काढणार असाल तर रेष पिक्सेलच्या मधून जाते की दोन पिक्सेलच्या सांध्यावरून हे आधी एक ठिपका टाकून तपासा.

दुसरी कडेची. आकृती कॅनव्हासच्या कडेला चिकटवू नका. नंतर आउटलाइन द्यायची झाली तर चारी बाजूंनी एक-एक पिक्सेल लागतोच. आणि पात्र हलणार असेल तर जास्त. ३२ चा माणूस काठी फिरवणार असेल, किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा दोन पायांवर उभा राहणार असेल, तर ४८×४८ घ्या आणि पाय खालच्या ओळीवर मधोमध टेकवून ठेवा. सगळ्या फ्रेममधे पाय एकाच जागी राहिले पाहिजेत, नाहीतर घोडा नाचण्याऐवजी घसरतो.

पायरी ४: फाइल उघडा आणि दोन ग्रिडमधला फरक समजून घ्या

फाइल मेनूत न्यू, किंवा कंट्रोल आणि एन. विड्थ, हाइट टाका, कलर मोड आरजीबी, बॅकग्राउंड ट्रान्सपरंट. डीपीआय कुणी विचारलं तर सोडून द्या, पिक्सेल आर्टमधे त्याचा संबंध फक्त छपाईच्या वेळी येतो.

आता ग्रिड. इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवी मंडळी त्या एकच समजतात. पिक्सेल ग्रिड म्हणजे प्रत्येक पिक्सेलभोवतीची बारीक जाळी, ती व्ह्यू, शो, पिक्सेल ग्रिड इथून लागते आणि पुरेसं झूम केल्यावरच दिसते. साधी ग्रिड म्हणजे मोठी जाळी, ८×८ ची, १६×१६ ची, तुम्ही ठरवाल तेवढी, जी कॅनव्हासचे तुकडे पाडते. ती व्ह्यू, ग्रिड, ग्रिड सेटिंग्ज इथून ठरते, तिथं रुंदी-उंचीसोबत एक्स-वाय पण असतो, म्हणजे जाळी कुठून सुरू करायची ते. पहिली जाळी हाताला मदत करते, दुसरी मांडणीला.

पिक्सेल ग्रिड सतत चालू ठेवू नका. तिच्या रेघा रंगात मिसळतात आणि फिकट रंग गडद वाटतात. पिक्सेल मोजायचे तेवढ्यापुरती लावा आणि बंद करा, आणि बाजूला १०० टक्के साइझचा प्रिव्ह्यू उघडा ठेवा. काम झूम करून होतं पण निकाल प्रिव्ह्यूत बघायचा.

स्नॅप टू ग्रिड नावाचं बटण आहे ते टाइलची (परत परत शेजारी जोडून वापरायच्या तुकड्याची) सिलेक्शन उचलताना सोन्यासारखं, आणि पेन्सिलने काढताना डोकेदुखी. पेन्सिल मनासारखी चालेना झाली की आधी ते बंद आहे का बघा.

पायरी ५: ग्रिडचा आकार निवडा

आता जरा निवांत बसा, कारण गंमत इथं आहे. एक गोष्ट आधी डोक्यात बसवा, ग्रिड तिरपी असो की सहाकोनी, पिक्सेल चौकोनीच राहतो. ग्रिडचा आकार म्हणजे चौकोनी पिक्सेलच्या खाली धरलेली मांडणीची जाळी.

आपल्या घरातल्या रांगोळीवरून हे लगेच कळतं. काही रांगोळ्यांचे ठिपके सरळ असतात, ओळीखाली ओळ, ठिपक्याखाली ठिपका, ही झाली चौकोनी ग्रिड. आणि १५ ते ८ वाली रांगोळी असते तिच्यात मधली ओळ १५ ठिपक्यांची, वर-खाली १४, १३ असं करत ८ पर्यंत, आणि प्रत्येक ओळीचे ठिपके आधीच्या ओळीच्या दोन ठिपक्यांच्या मधे पडतात. तिथं कोणत्याही आतल्या ठिपक्याला सहा शेजारी मिळतात आणि बाहेरचा आकार सहाकोनी होतो. ही झाली षटकोनी ग्रिड.

चौकोनी ग्रिड बहुतेक कामाला पुरते. प्लॅटफॉर्म गेम, वरून दिसणारं शेत, आयकॉन, सगळं. टाइल ८, १६ किंवा ३२ ची घ्या आणि कॅनव्हासला टाइलने भाग जातोय का बघा. गेम बॉयच्या १६०×१४४ ला ८ ची टाइल लावली की २०×१८ टाइल बरोबर बसतात, ते ठरवूनच केलेलं होतं. ३२०×१८० ला मात्र १६ ची टाइल लावली की आडव्या २० पूर्ण आणि उभ्या सव्वाअकरा, खाली चार पिक्सेलची पट्टी उरते. कॅमेरा सरकणारा गेम असेल तर काही बिघडत नाही. एकाच स्क्रीनचा कोड्याचा गेम असेल तर २० ची टाइल घ्या, १६×९ टाइल नेमक्या येतात, २० आकडा जरा विचित्र वाटतो पण कुणी अडवलं नाही.

टाइल करताना व्ह्यूमधला टाइल्ड मोड लावा, तुमचंच चित्र आजूबाजूला परत परत दिसतं आणि सांधा कुठं उघडा पडतोय ते लगेच कळतं. कापसाच्या शेताची टाइल करताय आणि एक बोंड बाकीच्यांपेक्षा मोठं, पांढरंशुभ्र काढलं, तर एकट्या टाइलमधे ते छान दिसेल आणि शंभर टाइलच्या शेतात त्याच बोंडांच्या रांगाच रांगा दिसतील. उठून दिसणारी गोष्ट टाइलमधे घालायची नाही, ती वेगळी वरून ठेवायची.

आयसोमेट्रिक ग्रिड म्हणजे कोपऱ्यावरून वर चढून बघितल्यासारखं दृश्य. भूमितीत खरी आयसोमेट्रिक रेघ ३० अंशाची असते, पण पिक्सेलमधे ३० अंशाची रेघ दातेरी येते, म्हणून दोन पिक्सेल आडवे गेलो की एक पिक्सेल वर, अशी २ ला १ ची रेघ काढतात, ती साधारण २६.५७ अंशाची पडते आणि स्वच्छ दिसते. म्हणून आयसोची टाइल नेहमी रुंदीच्या निम्मी उंच, ३२×१६ किंवा ६४×३२.

३२×१६ ची टाइल हाताने काढायची रीत सांगतो कारण इथं सगळ्यांचा सांधा फाटतो. सगळ्यात वरची ओळ २ पिक्सेलची, मधोमध. पुढची ६, मग १०, १४, १८, २२, २६, ३०. या झाल्या आठ ओळी. मग तशाच उलट्या, ३०, २६, २२, १८, १४, १०, ६, २. मधे ३० दोनदा येतं ते मुद्दाम. शेजारची टाइल १६ पिक्सेल आडवी आणि ८ पिक्सेल खाली सरकवून ठेवली की दोघींच्या कडा एकमेकींत अशा बसतात की एकही पिक्सेल मोकळा राहत नाही आणि एकही दुसऱ्यावर चढत नाही. हिशोब साधा आहे, पहिल्या ओळीत २ आणि नवव्या ओळीत ३०, बेरीज ३२, दुसऱ्या ओळीत ६ आणि दहाव्यात २६, परत ३२, शेवटपर्यंत तसंच.

आता यावर आपलं धाब्याचं घर उभं करून बघा, खान्देशातल्या घराइतकं आयसोला सोयीचं घर दुसरं नाही, छप्पर सपाट त्यामुळे उताराची कटकटच नाही. कॅनव्हास ६४×६४ घ्या. वरच्या आठ ओळी मोकळ्या सोडा. त्याखाली ६४×३२ चा हिरा काढा, वर सांगितला तसाच, २ पासून ६२ पर्यंत चार-चारने वाढत आणि परत कमी होत, ते झालं धाबं, म्हणजे सपाट छप्पर. आता डाव्या टोकापासून, उजव्या टोकापासून आणि समोरच्या खालच्या टोकापासून २४ पिक्सेल सरळ खाली उतरा आणि खालची टोकं २ ला १ च्या रेघेने जोडा. दोन भिंती तयार. धाबं सगळ्यात उजळ मातकट, डावी भिंत त्याहून एक छटा गडद, उजवी अजून एक छटा गडद, बस, आउटलाइन न देताही घर उभं राहतं. दार उजव्या भिंतीत काढाल तर त्याची वरची आणि खालची कड पण २ ला १ ने तिरपी पाहिजे, फक्त उभ्या रेघा सरळ. आणि मोकळ्या सोडलेल्या आठ ओळींत धाब्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल ढीग, दहा-बारा पिक्सेलचा, तेवढ्यानं घर राहतं वाटायला लागतं.

पिक्सेलोरामात ग्रिडचा प्रकार आयसोमेट्रिक असा निवडता येतो, प्रेफरन्समधे कॅनव्हासखाली आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमधे नसेल तरी अडत नाही, एका लेयरवर वरचा हिरा फिक्या निळ्यात काढून कॉपी करत आख्खी जाळी तयार करा, लेयर लॉक करा, वर दुसऱ्या लेयरवर काम करा आणि एक्सपोर्टच्या आधी ती बंद करा.

षटकोनी ग्रिड नकाशाच्या आणि डावपेचांच्या गेमसाठी. चौकोनी ग्रिडमधे शेजारच्या घरात जायचं अंतर १ आणि तिरपं गेलं तर १.४१, त्यामुळे तिरपं चालणारा फुकटात पुढं जातो. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर, तो वादच मिटला. षटकोन दोन तऱ्हेने ठेवता येतो, टोक वर किंवा सपाट कड वर. टोक वर ठेवलं की आडव्या ओळी सरळ लागतात, सपाट कड वर ठेवली की उभे रकाने सरळ लागतात. निवडायचं कसं, तर नकाशात काय सरळ धावतंय ते बघा. आपल्या खान्देशचा नकाशा करायचा तर तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, सातपुडाही वरच्या बाजूला तसाच आडवा, तेव्हा टोक वर असलेला षटकोन घ्या, नदी एका ओळीतून सरळ जाईल. सपाट कडेचा घेतलात तर तापी प्रत्येक घराला वर-खाली उड्या मारत नंदुरबारला पोचेल.

३२×३२ मधे असा षटकोन काढायचा तर वर त्याच आठ ओळी, २, ६, १० करत ३०, मग १६ ओळी पूर्ण ३२ रुंद, मग परत ३० पासून २ पर्यंत. पुढची ओळ १६ पिक्सेल बाजूला आणि २४ पिक्सेल खाली. गणिताच्या दृष्टीने हा नियमित षटकोन नाही, थोडा रुंद आहे, पण कडा स्वच्छ २ ला १ च्या असतात आणि डोळ्याला तेच महत्त्वाचं. टाइल जोडायला टाइल्ड नावाचा फुकट मॅप एडिटर आहे, तिथं नवीन मॅप करताना ओरिएंटेशन षटकोनी आणि टाइल ३२×३२, मग मॅप प्रॉपर्टीजमधे बाजूची लांबी १६ आणि स्टॅगर अ‍ॅक्सिस वाय टाकलं की हे जसंच्या तसं बसतं. आयसोचे पर्यायही त्याच यादीत आहेत.

उरलेले आकार हौसेचे. आडव्या लांब पिक्सेलचा एक प्रकार असेप्राइटमधे पिक्सेल रेशो २ ला १ करून मिळतो, कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरच्या मल्टिकलर मोडमधे १६०×२०० असे रुंद पिक्सेल होते त्याची नक्कल करायला. आणि त्रिकोणी किंवा षटकोनी घरंच रंगवायची असतील तर हेक्सेल्स नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच बनलेलं होतं, पण ते पिक्सेल आर्टचं चुलत भावंड म्हणा, पहिल्या महिन्यात तिकडं जाऊ नका.

पायरी ६: मधेच जागा कमी पडली तर

दोन कमांड शेजारी शेजारी असतात आणि नावं सारखी वाटतात, तिथं बघून क्लिक करा. स्प्राइट मेनूतला कॅनव्हास साइझ (कीबोर्डवर सी) फक्त कागद वाढवतो किंवा कापतो, चित्राला हात लावत नाही. स्प्राइट साइझ मात्र चित्रच ताणतो. जागा वाढवायची असेल तर पहिला. पिस्केलमधे उजवीकडच्या रिसाइझमधे चित्र पण ताणायचं का असा चौकोन असतो, जागा वाढवताना तो रिकामा ठेवा.

कॅनव्हास वाढवताना जागा कोणत्या बाजूला वाढणार ते ठरवा. उभ्या पात्राला खाली मधोमध टेकू द्या, म्हणजे वर आणि बाजूला जागा वाढते, पाय हलत नाहीत. टाइलसेट असेल तर वरचा डावा कोपरा धरा, नाहीतर आधी मोजलेल्या सगळ्या टाइलचा क्रम बदलतो आणि गेममधे गवताच्या जागी पाणी येतं.

आणि १६ चं चित्र ३२ करून त्यात बारकावे भरू असा विचार येईल, तो सोडा. दुप्पट केलेल्या चित्रात प्रत्येक पिक्सेल २×२ चा ठोकळा असतो, त्यात नवे बारीक पिक्सेल घातले की दोन मापं एकत्र दिसतात आणि सगळं मोडल्यासारखं वाटतं. कोऱ्या ३२ वर परत काढा, दुसऱ्यांदा हात पटापट चालतो.

पायरी ७: एक्सपोर्ट

मूळ फाइल लहानच सेव्ह करून ठेवा, मोठी करायची ती एक्सपोर्टची कॉपी. एक्सपोर्ट अ‍ॅजमधे रिसाइझचा आकडा असतो, ८०० टक्के म्हणजे ८ पट. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमधे मोठं करावं लागलं तर पद्धत निअरेस्ट नेबर निवडा, बायलिनिअर किंवा बायक्यूबिक ठेवलं की कडा धुरकट होतात. फॉरमॅट पीएनजी, हलणारं असेल तर गिफ. जेपीजी कधीच नको, सपाट रंगांच्या कडेला घाण येते. व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायचं तर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून जेपीजी करून टाकतं.

टीशर्टवर किंवा फ्लेक्सवर छापायचं असेल तर लहान फाइल छापणाऱ्याच्या हातात देऊ नका, तो त्याच्या पद्धतीने ओढून मोठी करणार आणि गुळगुळीत करून ठेवणार. ६४×६४ चं चित्र ५० पट करून ३२००×३२०० चं पीएनजी द्या, ३०० डीपीआयला ते साधारण साडेदहा इंच येतं, टीशर्टच्या छातीला पुरतं. फ्लेक्सला ३०० लागत नाही, पण पट तिथंही पूर्णच ठेवा, आणि आधी वीतभर तुकडा छापून मागा, कारण स्क्रीनवरचा फिकट हिरवा शाईत बहुतेक वेळा मळकट निघतो आणि वांग्याच्या पांढऱ्या रेघा त्यात बुडून जातात, त्यावेळी रेघांचा रंग एक छटा उजळ करून दुसरी फाइल द्यायची.